खजुराच्या कुंडीतले केस

माझे भावजी केस कापतात. चौकाच्या कोपऱ्यावर, बेकरीला लागून त्यांचं सलून आहे. पुढून सगळी काच, आत भिंतभर आरसा, आणि आरशाखाली कंगवे, कात्र्या, पावडरचे डबे. पूर्वी हा माणूस इतका बोलायचा, की कुणी नुसते कानामागचे केस कमी करायला आला तरी बाहेर पडताना त्याच्याकडे अख्ख्या चौकाची खबर असायची. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली, कुणी कुणाशी बोलणं टाकलं. मी एकदा माझ्या बहिणीला म्हटलं, "तुझा नवरा केस कात्रीनं कापतो की जिभेनं?" ती म्हणाली, "दोन्ही चालू असतं, म्हणून तर गिऱ्हाईक खुर्चीत पेंगत नाही."

ती म्हणजे माझी ताई, भावजींची बायको. ती आता नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला एखाद्या माणसाचा लळा लावायचा आणि मग शेवटच्या पानावर त्याला मारायचं, हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. मी कुरिअरच्या ऑफिसात काउंटरला बसते. दिवसभर लोकांवर खेकसते, की पत्ता पूर्ण लिहा, आत काच असेल तर आधी सांगा. आत काय आहे ते आधी कळलं की पुढचे घोटाळे टळतात.

तर ताईची बाग. सलूनच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि घराच्या डोक्यावर गच्ची. त्या गच्चीला बाग म्हणायचं की भंगाराचं दुकान, यावर आमच्या दोघींचं कधीच एकमत झालं नाही. तेलाचे डबे, फुटकी बादली, बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम, आणि सलूनमधून येणारे शाम्पूचे मोठे कॅन, आडवे कापून. त्या ड्रममध्ये तिचा पुदिना होता. "आधीच भोकं पाडलेली कुंडी मिळाली, आणि ती पण गंजत नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. बागेसाठी म्हणून दुकानातून काही आणायचं नाही, हा तिचा हट्ट. घरात जे उरतं त्यातच झाड जगलं पाहिजे, नाहीतर ते आपल्या घरचं झाड कसलं, असं तिचं म्हणणं.

आणि जगायची की झाडं! अंड्याची टरफलं ती वाळवून, कुटून टोमॅटोच्या मुळाशी घालायची. चहाचा चोथा आधी धुवायची, कारण साखर राहिली तर मुंग्या जमतात. बटाटे उकडलेलं पाणी गार झाल्यावर झाडांना, पण त्यात मीठ घातलेलं असेल तर नाही. मी एकदा तिच्याकडे स्वयंपाक करताना सवयीनं बटाट्यात मीठ टाकलं, तर मला असं झापलं की जणू मी विहिरीत विष कालवलं होतं. भांडी घासायचा जुना स्पंज कुंडीच्या तळाशी जायचा, तो पाणी धरून ठेवतो म्हणून. भावजींचे विटलेले मोजे पट्ट्या करून वेल बांधायला जायचे. कापडाची गाठ देठाला काचत नाही, दोरी काचते.

पण तिची खरी चैन होती सलूनच्या मालावर. दाढीच्या साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून ती माव्याची कीड पडलेल्या पानांवर मारायची. झिजलेल्या दाढीच्या ब्रशनं भोपळ्याच्या एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात नेऊन लावायची. आणि जुनं ट्रिमर! ते केसाला चालत नव्हतं, नुसतं गुणगुणायचं. ताई ते चालू करून टोमॅटोच्या फुलामागे देठाला टेकवायची. फुलं थरथरायची आणि पिवळी पावडर झडायची. "मधमाशीचं काम करते," ती म्हणायची. शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्याला वाटत असेल, बाई टोमॅटोची दाढी करतेय.

आणि केस. संध्याकाळी सलून बंद करताना भावजी दिवसभराचे केस झाडून पिशवीत भरायचे आणि घरी आणायचे. केस मातीत हळूहळू कुजतात, झाडाला वर्षानुवर्षं पुरतात, असं ताईनं कुठूनसं ऐकलं होतं. अट एकच, रंग लावलेले केस नकोत. त्यामुळे सलूनमध्ये दोन ढीग व्हायचे, रंगाचे इकडे आणि बिनरंगाचे तिकडे. एखाद्याचे काळेभोर केस बिनरंगाच्या ढिगात गेले, की बाकीची गिऱ्हाइकं त्याचं अभिनंदन करायची. भावजी घरात शिरायचे, ताई आतून विचारायची, "आणलेत का?" भावजी पिशवी तिच्या हातात द्यायचे आणि हात-पाय धुवायला जायचे. बागेशी त्यांचा संबंध एवढाच. पुढे त्या पिशवीचं काय होतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ताईनंही सांगितलं नाही. संसारात अशा पुष्कळ गोष्टी असतात, ज्या एकानं द्यायच्या आणि दुसऱ्यानं घ्यायच्या.

मग ताईला गाठ निघाली. औषधं सुरू झाली आणि केस गळायला लागले. उशीवर, ताटात, बाथरूमच्या जाळीवर. ताई म्हणाली, घरात न्हावी असताना मी असं किती दिवस केस वेचत बसू? सुट्टीच्या दिवशी ते दोघं सलूनमध्ये जाऊन आले. मी तिथे नव्हते. मी संध्याकाळी गेले, तेव्हा ताई डोक्याला रुमाल बांधून चहा पीत होती आणि टेबलावर पिशवी होती. तिनं मला पिशवी दाखवली. "बघ. आयुष्यभर यांना म्हणत आले, रंग लावून द्या, रंग लावून द्या. कधी वेळ झाला नाही. बरंच झालं. कुंडीत चालतील."

मला हसावं की रडावं कळेना. तिनं ते खरंच केलं. भेटायला आलेल्या कुणीतरी खजूर आणला होता. त्याच्या बिया तिनं पाण्यात भिजत घालून, ओल्या कागदी रुमालात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रिजच्या डोक्यावर ठेवल्या होत्या. तिथे ऊब असते. एका बीला पांढरं मूळ फुटलं होतं. शाम्पूच्या कापलेल्या कॅनमध्ये तिनं तळाशी स्वतःचे केस पसरले, वर माती घातली आणि ती बी लावली. मी म्हटलं, "अगं, खजुराला फळ धरायला किती वर्षं लागतात माहितीये का?" ती म्हणाली, "मला कुठे घाई आहे?"

ती गेली तेव्हा त्या कुंडीत गवताच्या पात्यासारखं एकच पान होतं.

भावजी रडले नाहीत. लोक आले, बसले, गेले. भावजी सगळ्यांसाठी दार उघडत होते आणि लावत होते. जेवण पुढे ठेवलं की जेवायचे, ताट उचललं की उठायचे. काही दिवसांनी त्यांनी सलून उघडलं आणि केस कापायला लागले, पण तोंडाला कुलूप. बेकरीवाला, जो गेली कित्येक वर्षं फक्त गप्पांसाठी दाढी करायला येतो, तो मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "अहो, तुमचे भावजी बरे आहेत ना? काल त्यांनी माझी दाढी केली आणि एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं माझ्यावर रागावलेत."

मला मात्र राग येत होता. ताईसाठी मी धाय मोकलून रडले होते, सगळ्यांच्या देखत, आणि या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नव्हती. पण खरं सांगायचं तर माझ्याही रागाखाली फारसं काही उरलं नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, आणि मग गालाला बोट लावलं तरी तो गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं. काउंटरला बसायचं, शिक्के मारायचे, घरी यायचं. गच्चीवर जायचं मी टाळत होते. मला तो पुदिना बघायचा नव्हता.

भाचीचा फोन आला. भावजींची मुलगी, लग्न होऊन लांब गेलेली. ती म्हणाली, "मावशी, बाबांना सगळी झाडं जमणार नाहीत. ती गेली तर गेली. पण आईची ती खजुराची कुंडी तेवढी वाचव. तुझ्याकडे घेऊन जा."

मी भावजींना विचारलं. ते खुर्चीचा हात पुसत होते.

"भावजी, ती खजुराची कुंडी मी घरी नेऊ का?"

"ने," ते म्हणाले.

बस. एवढंच. मी तयारीत होते, की ते नाही म्हणतील, मग मी समजावीन, मग थोडी बाचाबाची होईल. खाली ठेवलेलं वर्तमानपत्र घेऊन जाऊ का म्हणून विचारलं असतं तर याच आवाजात ने म्हणाले असते. ज्या कुंडीत तिचे केस आहेत ती! माझा असा संताप झाला की मी ती नेलीच नाही. म्हटलं, राहू दे इथेच. याच माणसाला सांभाळू दे.

"पाणी तरी घालता ना झाडांना?" मी विचारलं.

"रोज घालतो."

पुढच्या वेळी विचारलं तेव्हा ते म्हणाले, टोमॅटो गेले. त्यानंतर भोपळ्याचा वेल. मग पुदिना. बातम्यांमध्ये हवामान सांगतात तसं. पुदिना गेला म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. पुदिना मरत नाही! पुदिना मारायला माणसाला कष्ट घ्यावे लागतात. मी फोनवर ओरडले, "तुम्ही पाणी घालत नाही, भावजी. मला सांगता घालतो म्हणून, आणि घालत नाही."

"घालतो," ते म्हणाले. "खालून बाहेर येईपर्यंत घालतो. तिनं सांगितलं होतं तसं."

"मग पुदिना काय हौसेनं मेला?"

मी फोन ठेवला आणि ठरवलं, की आता काही झालं तरी ती कुंडी आणायची. बाकीची मेली, तीही मरणार, आणि मग भाचीला काय तोंड दाखवू? ताईचं या जगात जे काही मातीला धरून होतं ते तेवढंच होतं.

ऑफिस सुटल्यावर तडक गेले. भावजी नुकतेच आले होते. हातात पिशवी होती. मला बघून ते थांबले नाहीत, तसेच जिना चढून गच्चीवर गेले, आणि मी त्यांच्या मागोमाग.

वर गेले आणि कपाळाला हात लावला. एकाही कुंडीत माती दिसत नव्हती. सगळ्या डब्यांवर, बादलीत, ड्रममध्ये केस. काळे, करडे, पांढरे, कुरळे, थरावर थर, उन्हात वाळून दाबून बसलेले. घोंगडीसारखं झालं होतं. त्यातून वाळक्या काड्या वर आल्या होत्या. भावजींनी पिशवी उघडली आणि आजचे केस, बिनरंगाचे, पुदिन्याच्या ड्रमवर सारखे पसरले. मग झारी घेतली आणि त्यावर पाणी घातलं.

मी बघत होते. पाणी केसांवर पडलं, थेंब होऊन कडेला घरंगळलं आणि ड्रमच्या भिंतीवरून खाली गेलं. क्षणात खालच्या भोकांतून बाहेर आलं. भावजींनी झारी उचलली आणि पुढच्या डब्याकडे वळले.

मी तो थर हातानं उचकटला. सहज निघेना, नखं लावावी लागली. खाली माती कोरडीठक्क. वाळून आक्रसलेली, डब्याची कड सोडलेली. त्या फटीतून पाणी नुसतं निघून जात होतं. रोज पाणी घालत होता हा माणूस, एक दिवस न चुकता, आणि एक थेंब आत जात नव्हता.

"हे काय केलंत तुम्ही?" मी म्हटलं. "अहो, मूठभर घालायचे असतात! नवी कुंडी भरताना, मातीत मिसळून. ते बघा तिकडे कोपऱ्यात, तिनं पोती भरून ठेवलीत बाकीच्या केसांची. रोज कुणी घालतं का?"

भावजींनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे खरंच दोन पोती होती, तोंड बांधलेली. ती उघडून बघायचं त्यांना कधी सुचलंच नसावं.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ती रोज घ्यायची."

"म्हणून तुम्ही रोज ओतायचे?"

"पिशवी हातात असायची," ते म्हणाले. "घरात आलो की हातात पिशवी असायची. घ्यायला कुणी नाही. मग ती घेऊन वर यायचो. वर तरी कुठे ठेवायची?"

मी इकडे तिकडे बघितलं आणि मग मला ती कुंडी दिसली. पाण्याच्या टाकीच्या बाजूला, एकटी. शाम्पूचा कापलेला कॅन. त्यात स्वच्छ, काळी, ओलसर माती. एक केस नाही. आणि खजुराची तीन पानं, हिरवी, ताठ, सर्वात मोठं माझ्या वितीएवढं.

"यात नाही घातले?" मी विचारलं.

भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले.

"त्यात तिचे आहेत," ते म्हणाले. "त्यात दुसऱ्या कुणाचे कसे घालू?"

एवढे दिवस मी समजत होते, की या माणसाला काही वाटत नाही. मला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, पहिल्यांदाच, ताई नाही असं नीट वाटलं. भावजी मात्र तसेच उभे होते. मग ते वाकले, दोन्ही हातांनी कॅन उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"ने तू. बाकीची सगळी मीच मारली ना. ही पण मारून टाकीन."

मी नेली. नको म्हणायला हवं होतं, पण त्यांचे हात पुढे आले होते आणि आवाजात हुज्जत घालायला जागा नव्हती. रिक्षात मांडीवर धरून घरी आणली आणि खिडकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर ही गर्दी. पार्सलं, पाकिटं, एक बाई कुकर पाठवायला आलेली आणि झाकण वेगळं पाठवायचं म्हणत होती. मी मान वर न करता म्हटलं, "पुढे या. काय पाठवायचंय?"

"पाठवायचं नाही. न्यायचंय."

भावजी होते. रांगेत उभे राहून आले होते. सलून उघडायच्या वेळेला सलून सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"काय न्यायचंय?"

"कुंडी," ते म्हणाले. "परत दे."

"काल तर म्हणालात..."

"माहीत आहे काय म्हणालो ते." त्यांच्या मागचा माणूस चुळबुळ करायला लागला. भावजींनी काउंटरवर हात टेकवले. "मी गच्चीवर नाही ठेवणार. सलूनमध्ये ठेवतो. काचेतून ऊन येतं दिवसभर. माझ्या डोळ्यांसमोर राहील. चुकलं तर लगेच दिसेल. दे ना."

ताई गेल्यापासून या माणसानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ताट पुढे आलं तर जेवत होता, नाही आलं तर तसाच बसत होता. आणि आता कुकरवाल्या बाईच्या देखत, दोन्ही हात टेकवून, दे ना म्हणत होता. मी घराची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, खिडकीत आहे, आणि निघताना दार नीट ओढून घ्या.

मग आठवडाभर मी तिकडे फिरकले नाही. मुद्दामच. पण मन किती दिवस आवरणार? एका दुपारी ऑफिसातून जरा लवकर निघाले आणि चौकात गेले.

काचेतून आधी बेकरीवाला दिसला. गळ्याभोवती पांढरं कापड, अर्धं डोकं कापून झालेलं, उजवी बाजू अजून तशीच. त्याच्या शेजारच्या खुर्चीत, काचेच्या जवळ, खजूर बसला होता. कॅनवरून, अगदी मातीवरून, पांढरं कापड गुंडाळून मागे व्यवस्थित गाठ मारली होती, गिऱ्हाइकाला मारतात तशी. वर नुसती पानं. कुणाचे केस उडून त्यात पडू नयेत म्हणून. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकणार, एवढ्यात बेकरीवाला मोठ्यानं म्हणाला, "आणि या गिऱ्हाइकाचं काय? कापायचे की नुसतं बसवून ठेवलंय?"

त्यानं सहज, गमतीनं विचारलं होतं. गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करावं म्हणून कितीतरी दिवस तो असं काहीबाही टाकून बघत असणार.

भावजींची कात्री चालत होती. "त्याला नाही कापायचं," ते म्हणाले. "त्यात माझ्या बायकोचे केस आहेत. खाली. मुळाशी."

बेकरीवाला आरशात बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं त्याला कळेना.

"मीच काढले," भावजी म्हणाले. "तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीत. शटर अर्धं खाली ओढून. एवढंसं डोकं तिचं, पण हात चालेना माझा. मशीन लावली आणि सरळ पुढून मागे गेलो. ती आरशात बघत होती. मला म्हणाली, अहो, काहीतरी बोला ना. सगळ्या गावाशी बोलता." कात्री थांबली. "मला एक शब्द सुचला नाही हो. काहीही बोललो असतो. बेकरीत पाव जळला, एवढं जरी सांगितलं असतं तरी ती हसली असती. मी गप्प. ती वाट बघत होती, आणि मी तसेच सगळे केस काढले. मग तीच म्हणाली, झालं का? मी म्हटलं, झालं. एवढंच बोललो मी तिच्याशी."

त्यांनी कात्री आरशाखाली ठेवली आणि दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. ते रडत होते. तोंड वेडंवाकडं करून, मोठ्यानं, नाक ओढत, कुणी बघतंय का याची पर्वा न करता. आणि रडता रडता बोलत होते. त्या दिवशी काय काय सांगता आलं असतं ते. पाव जळल्याचं, कोपऱ्यावरच्या भांडणाचं, कुणाच्या तरी मुलीचं लग्न मोडलं आणि परत जमलं त्याचं.

मी दारातच थांबले. आत गेले असते तर ते गप्प झाले असते. बेकरीवाला अर्ध्या कापलेल्या डोक्यानं कापडाखाली हात घेऊन बसून होता, आणि मध्ये मध्ये, नेहमीसारखं, "मग पुढे?" असं विचारत होता.